आजपासून टाळी बंद

“तुम्हाला असं काय येतं, जे मला येत नाही?”

नोकरीच्या मुलाखतीत कोणी असा प्रश्न विचारतं का? मी बालरोगाची पदविका घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. जळगावातल्या मोठ्या रुग्णालयांनी ‘कळवतो’ म्हणून वाटेला लावलं होतं. तरी चाळीसगावच्या या डॉक्टरांकडे मी जरा तोऱ्यातच गेले होते. जळगावची मुलगी चाळीसगावला येते म्हणजे उपकारच, असा माझा समज. या प्रश्नानं तो तोरा जागच्या जागी गळाला. मी चाचरत म्हटलं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची पद्धत आता थोडी बदलली आहे, ती मला येते.

सर उठले, स्वतःची खुर्ची मला दिली आणि समोरच्या स्टुलावर बसले. कपाटातून रबरी बाहुली निघाली. “शिकवा.”

बाहेर ओपीडीत पोरं रडत होती, आया दाराची फट करून आत डोकावत होत्या, आणि साठी उलटलेला, गावात नाव असलेला डॉक्टर माझ्यासमोर बाहुलीच्या तोंडावर मुखवटा धरून बसला होता. त्यांची पकड पुन्हा पुन्हा चुकत होती. न राहवून मी ओरडले, “अहो, असं नाही!” आणि जीभ चावली. सर मात्र खूश. “उद्यापासून या,” म्हणाले.

घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “शुद्धीवर होते ना ते?”

शुद्धीवरच होते. शिक्षणाचं वेड मात्र पुरतं डोक्यात गेलेलं होतं. कोणी सक्ती केलेली नव्हती, कुठली बढती अडलेली नव्हती. दवाखाना स्वतःचा, मुलं परदेशी, बायको रेल्वेच्या शाळेतून निवृत्त. या वयात माणसं शेतात बंगला बांधतात नाहीतर तीर्थयात्रा करतात. आमचे सर अभ्यासक्रम करायचे. बालपोषणाचा झाला, किशोरवयीन मुलांच्या मनाचा झाला, नवजात बाळांच्या अतिदक्षतेचा झाला. सकाळी गच्चीवर येरझारा घालत मोठ्यानं पाठांतर चालायचं, त्यानं अख्ख्या गल्लीला रक्तातल्या क्षारांची प्रमाणं तोंडपाठ झाली होती. परीक्षा आली की दवाखान्याच्या दारावर पाटी लागायची: ‘डॉक्टरांची परीक्षा असल्यामुळे ओपीडी बंद.’ कोणी म्हातारी हातावर दही-साखर ठेवून जायची.

सगळेच काही कौतुक करत नसत. एकदा खेड्यातले एक आबा नातवाला घेऊन आले होते. ती पाटी त्यांनी सुनेकडून वाचून घेतली आणि तिथल्या तिथे मागे फिरले. “ह्या डाक्टरनं शिक्षन आजून पुरं व्हयेल नही. चाल दुसराकडे.” सरांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि गावभर स्वतःच सांगत सुटले.

पोषणाच्या परीक्षेत ते एकदा सपशेल नापास झाले. त्या दिवशी पेढे आणले. “आपल्याला काय येत नाही ते कोणीतरी नेमकं सांगितलं, याचे पेढे,” म्हणाले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पेढा हातात घेतला आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. प्रत्येक अभ्यासक्रम करून आले की ते ओपीडीतल्या फळ्यावर खडूनं लिहायचे, ‘आजपासून बंद’. त्याखाली, त्यांच्या हातून आजवर होत आलेली आणि आता चूक ठरलेली गोष्ट. लहान बाळांना खोकल्याची बाटली बंद. साध्या तापाला सलाईन बंद. जुलाबात दूध तोडायला सांगणं बंद. आणि शेवटी एक ओळ ठरलेली: ‘आजवर सांगितलं, ते चुकलं.’

मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. डॉक्टर असं लिहितो? तेही रोग्यांसमोर? आम्हाला कॉलेजात शेकडो गोष्टी शिकवल्या, ही कोणी शिकवली नव्हती. मी म्हटलं, “सर, नवीन औषध सुरू केलं एवढंच सांगा ना. जुनं चुकलं हे कशाला?”

“मॅडम, जुनं शिळं झालं. शिळं फेकायचं तर फेकलं म्हणून सांगायला नको? नाहीतर घरी जाऊन तेच खातील.”

बोलायला असे हजरजबाबी. ते त्यांचं भूषण होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता. आयांची फिरकी घेणं, बापांना चिमटे काढणं, सगळी ओपीडी हसवत ठेवणं. लोक म्हणायचे, डॉक्टरांचा निम्मा गुण हसण्यात आहे. मीही हसायचे. फळ्यावर चुका लिहितानाही ते हसतच लिहायचे, आणि खरं सांगायचं तर त्या चुकांचं फारसं ओझं त्यांना होत असावं असं मला कधी वाटलं नाही. त्या चुकांना चेहरा नव्हता.

मग धुळ्याचा वर्ग आला.

लहान मुलांच्या ऐकण्याची तपासणी कशी करावी, यावरचा तो शनिवार-रविवारचा प्रशिक्षणवर्ग होता. सरांनी माझंही नाव परस्पर घालून टाकलं होतं. चाळीसगावहून सकाळच्या गाडीनं आम्ही धुळ्याला गेलो. गाडीत सरांनी डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा मला जबरदस्तीनं खायला लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आम्ही दोघं शाळेत चाललोय’ म्हणून सांगितलं. वर्गात ते नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत.

शिकवायला एक तरुण श्रवणतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी साधारण तीन वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईसह आणलं होतं. मुलगा खाली बसून लाकडी मणी ओवत होता. बाईंनी विचारलं, “तुमच्याकडे आई म्हणाली, बाळाला ऐकू येत नाही, तर तुम्ही काय करता?”

सर्वांच्या आधी सर म्हणाले, “मागून टाळी वाजवतो.”

बाईंनी मुलाच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मुलगा चटकन वळला. “म्हणजे ऐकू येतं,” कोणीतरी म्हणालं.  बाईंनी मुलाच्या मागे जाड पडद्याची चौकट आणून उभी केली, तिच्या आड उभ्या राहिल्या आणि पितळी थाळी कालथ्यानं अशी बडवली की आमच्या कानठळ्या बसल्या. मुलगा मणी ओवत राहिला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

“दोन्ही कान जन्मापासून बंद आहेत,” बाई म्हणाल्या. “टाळीचा वारा मानेला लागतो, सावली हलते, आईची नजर हलते. म्हणून वळतो. ऐकून नाही.”

वर्गात कोणी ‘अरे बाप रे’ म्हणालं, कोणी लिहून घ्यायला लागलं. सर उभे राहिले. “पुन्हा दाखवा.”

बाईंनी पुन्हा दाखवलं. सर म्हणाले, “अजून एकदा.” बाई जरा वैतागल्या. मग सर स्वतःच पुढे गेले. मुलाच्या मागे वाकले आणि त्यांची ती ओपीडीत गाजलेली टाळी वाजवली. मुलगा वळला आणि त्यांच्याकडे बघून गोड हसला. सर पडद्याआड गेले. टाळी ऐकू आली. मुलगा मणी ओवत होता. पुन्हा टाळी. मग पडद्यामागून काहीच आवाज येईना. मी जाऊन बघितलं तर सर तिथे उभे होते, दोन्ही तळवे एकमेकांवर तसेच ठेवलेले, चेहरा पांढराफटक. मला वाटलं यांना हृदयाचा झटका आलाय. मी नाडी बघायला हात धरला तर म्हणाले, “मॅडम, शिरूडकडची एक बाई यायची. आठवते?”

मला कशी आठवेल? ते माझ्या आधीचं होतं.

परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते.  सोमवारी फळ्यावर लिहिलं, ‘आजपासून टाळी बंद.’ खालची ठरलेली ओळ लिहायला खडू उचलला आणि तो तसाच खाली ठेवला. मग त्यांनी अक्कांना आत बोलावलं.

अक्का म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. त्यांचं माहेर त्याच शिरूडच्या बाजूचं. सरांनी त्या बाईचं वर्णन सुरू केलं, तेव्हा अक्कांनी मध्येच थांबवलं. “माहीत आहे सर. ती पोरगी धुळ्याला बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेत आहे. तिथंच राहते. आता मोठी झाली.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“गावाला माहीत आहे.”

“मग मला का नाही सांगितलं कोणी?”

अक्कांनी हातातल्या टॉवेलची घडी केली. “तुम्हाला कोण सांगणार सर? ज्याचं बिघडतं तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. परत तुमच्याकडे येऊन कोण सांगतं?”

मी आजवर ऐकलेल्या वाक्यांमध्ये हे सगळ्यात भीतिदायक वाक्य आहे. इतके अभ्यासक्रम, इतक्या परीक्षा, आणि आपल्या हातून प्रत्यक्ष काय झालं हे सांगणारं एकही माणूस नाही. त्या दिवसानंतर मी घरी पाठवलेल्या प्रत्येक मुलाचा विचार करून दचकते.

मग सरांनी सगळं सांगितलं. ती बाई मुलीला घेऊन पुन्हा पुन्हा यायची. पोरगी दीड-पावणेदोन वर्षांची. बाई म्हणायची, भांडं पडलं तरी ही बघत नाही. सर टाळी वाजवायचे, पोरगी वळायची. ‘बाप उशिरा बोलला, पोरगीही उशिरा बोलेल.’ शेवटच्या वेळी बाई हट्टालाच पेटली तेव्हा सर भर ओपीडीत म्हणाले होते, “पोरीचे कान चांगले आहेत, तुमचं डोकं तपासू का?” ओपीडी हसली होती. नवरा हसला, सासू हसली. त्यानंतर ती आली नाही. पुढचं अक्कांनी सांगितलं. मुलीचं निदान झालं तेव्हा ती पाच वर्षांची होऊन गेली होती. लहानपणीच उपचार झाले असते तर कदाचित ती बोलली असती. ते वय निघून गेलं होतं.

“मी जाऊन सांगणार,” सर म्हणाले.

काकूंनी अक्षरशः हात जोडले. “झालं ते झालं. आता सांगून तिचे कान येणार आहेत का?” गावातले दोन डॉक्टर मित्र घरी येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आज तुम्ही एका घरी जाल, उद्या लोक आम्हा सगळ्यांच्या दारात येतील. दवाखाना फोडतील. मला विचाराल तर मलाही ते पटत होतं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते की यांना सुबुद्धी दे.

दिवाळीच्या सुट्टीत, मुलगी घरी असताना, आम्ही गेलो. गाडी मी चालवत होते. 

कापूस वेचून आणलेला ओसरीत रचला होता. डॉक्टर स्वतः घरी आले म्हटल्यावर सासूबाई हरखून गेल्या. “आमनं भाग्य, डाक्टर आमना घर उनात!” खाट टाकली, तिच्यावर चादर टाकली, शेजारपाजारचे जमले. चहा टाकला गेला. मुलगी ओसरीच्या खांबाला टेकून बघत होती, दोन वेण्या, टपोरे डोळे. तिची आई दारात उभी राहिली. तिनं सरांना ओळखलं होतं, पण ‘या’ म्हणाली नाही.

सर खाटेवर बसलेच नाहीत. तिच्यासमोर जाऊन हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही बरोबर होता. माझं चुकलं. टाळीवर मुलं वळतात, ऐकू येत नसलं तरी. मला ते माहीत नव्हतं. आता शिकलो.”

त्या बाईनं जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, “जोरमा सांगा.”

सरांना कळलं नाही.

“जोरमा सांगा. बठ्ठासले ऐकू येवाले जोयजे.”

सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं तिला. आणि सर वळले, त्या सगळ्या माणसांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं. बाई काय म्हणत होती ते, टाळीचं, आणि स्वतःचं ते वाक्यही, जसंच्या तसं. ‘तुमचं डोकं तपासू का,’ असं मी म्हणालो होतो. डोकं माझं तपासायला हवं होतं. मी खाली बघत उभी होते. आता इथे काहीही होऊ शकतं, एवढंच मला कळत होतं.

सासूबाई गडबडल्या. “जाऊ द्या डाक्टर. तीनं नशीबच तसं व्हतं.”

“नशीब नही,” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी सांगेल व्हतं. तुमले भी सांगेल व्हतं, यासले भी सांगेल व्हतं. कोनीच मनं ऐकं नही.” आणि मग सगळं बाहेर आलं. इतकी वर्षं त्या घरात, भाजीत मीठ कमी पडलं तरी, दार उघडं राहिलं तरी, तिला एकच ऐकवलं जात होतं, डॉक्टरनंच सांगितलंय हिचं डोकं तपासा म्हणून. सरांचा तो विनोद ओपीडीतून त्या घरात गेला होता आणि तिथेच राहिला होता.

तिचा नवरा कापसाच्या ढिगाशेजारी खाली बसला. “मी भी हासनू व्हतू त्या दिन,” एवढंच म्हणाला.

चहाचे कप घेऊन जाऊबाई बाहेर आल्या. त्या बाईनं त्यांच्या हातातून ट्रे घेतला आणि आत नेऊन ठेवला. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही कोणी चहाशिवाय पाठवत नाही. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. 

सर निघाले. जाता जाता खांबापाशी थांबले. “ताई, मुलीला पण सांगा. माझ्याकडून सांगा.”

“तीले तुम्हीच सांगा.”

सर मुलीकडे वळले. हात वर केले. आणि ते हात तसेच हवेत राहिले. इतक्या पदव्यांचा माणूस, एका मुलीसमोर उभा, आणि ‘माझं चुकलं’ म्हणायला त्याच्याकडे एक खूण नव्हती. मुलगी त्यांच्या हातांकडे उत्सुकतेनं बघत होती, आता हे काहीतरी सांगतील म्हणून. मी सरांना दंडाला धरून गाडीत बसवलं.

डॉक्टर मित्रांनी वर्तवलं होतं त्यातलं थोडंफार झालं. काही लोकांनी येणं सोडलं. कोणीतरी फळा फोडला. काही आया मात्र मुलांना घेऊन आल्या, कान तपासायला. सर पूर्वीसारखे फिरक्या घेत नव्हते. आई बोलत असेल तर पेन खाली ठेवून ऐकायचे आणि तिचं संपलं की विचारायचे, “अजून काही?” ओपीडी लांबायची, मी चरफडायचे.

आणि दर रविवारी ते धुळ्याला जायचे. त्या शाळेत पालकांसाठी खुणांच्या भाषेचा वर्ग चालायचा, त्यात पहिल्या सतरंजीवर. राउंड घेताना त्यांची बोटं पाठीमागे चालू असायची. लोकांना वाटायचं डॉक्टरांना कंपवात झाला. काकू म्हणायच्या, “जेवतानाही हातवारे. भात माझ्या अंगावर.” वर्गाच्या वेळी मुलं घोळक्यानं त्यांना बघायला यायची, पण ती मुलगी दिसली की सर मान खाली घालायचे. नीट बोलता येईपर्यंत तिच्यासमोर जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. पालकांच्या भेटीचा दिवस होता. मुलीची आई आलेली होती. तिनं सरांना ओळख दाखवली नाही, पण मुलीला पुढे केलं.

सरांनी सांगितलं. बोटं अडखळत होती, मध्येच एक खूण चुकली तर त्यांनी हात झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुलगी अजिबात न हलता बघत होती. संपल्यावर ती रडली नाही, रागावली नाही. तिनं भराभर हात हलवून काहीतरी विचारलं. सरांच्या चेहऱ्यावर मी पडद्यामागे पाहिला होता तोच पांढरा रंग आला.

मी तिच्या आईकडे बघितलं. “काय म्हणतेय?”

“ती इचारस,” आई म्हणाली, “मना वर्गमा आजून कोन कोन शेत तुमना?”

तुमच्या टाळीवर घरी परत गेलेलं माझ्या वर्गात अजून कोण कोण आहे, असं ती विचारत होती. हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. माझ्या नाही, काकूंच्या नाही. आमच्या भागातली ऐकू न येणारी मुलं जाणार कुठे? याच शाळेत. महिनोन्महिने सर त्यांच्यामध्ये बसून शिकत होते.

मुलीनं सरांचा हात धरला आणि त्यांना व्हरांड्यात नेलं. तिथे मुलं जेवायला बसत होती. तिनं जमिनीवर पाय आपटला, सगळ्यांनी वर बघितलं. तिनं हातानं काहीतरी सांगितलं आणि मुलं ताटं सोडून एकेक करून उठली, सरांसमोर रांगेनं उभी राहिली. काही हसत होती. त्यांना खेळ वाटला असावा.

सर रांगेवरून हळूहळू चालत गेले, प्रत्येक चेहरा बघत. भुवईवर व्रण असलेल्या एका मुलापाशी ते थांबले, पुढे गेले, परत मागे आले. हातानं त्याला गावाचं नाव विचारलं.

मुलानं बोटांनी एकेक अक्षर काढून दाखवलं. मला ते वाचता आलं नाही. सरांना आलं, आणि ते तिथेच, पोरांच्या ताटांमध्ये, खाली बसले.